दोनशे अकरा श्वास

शेवटच्या गाण्याचा शेवटचा स्वर विरून मिनिट उलटलं, तरी दुकानात कोणी तोंड उघडलं नव्हतं. तबकडी फिरत होती. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत घासत होती, आणि तिची खरखर एवढाच काय तो त्या खोलीतला आवाज होता.

चाहत्यांच्या त्या छोट्या मंडळाचा नियमच तसा होता. आपल्या लाडक्या बँडचा नवा अल्बम आला की रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, सगळी गाणी एका बैठकीत ऐकायची, मध्ये खोकलासुद्धा घशातल्या घशात दाबायचा आणि बाबांनी सुई उचलेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. बाबा सुई उचलत नव्हते.

ती कोपऱ्यात, काचा ठेवायच्या लाकडी पेटीवर बसली होती. लहानपणापासूनची तिची जागा. बाबांचं हे तसबिरी मढवायचं दुकान. भिंतीवर चाळीस वर्षांतल्या अकरा अल्बमची अकरा वेष्टनं अकरा चौकटींत लावलेली. बारावी चौकट बाबांनी आदल्या दिवशीच तयार करून ठेवली होती. कोपरे केसाइतकीही फट न राहता जुळलेले, काच पुसून लख्ख. आत फक्त वेष्टन सरकवायचं बाकी होतं. 

"उचला हो ती सुई, झिजेल बिचारी," अखेर मोजपट्टी म्हणाले. हे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. गाणं कोणतंही असो, त्याची लांबी सेकंदांत सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. नाव त्यावरूनच पडलेलं.

बाबांनी सुई उचलली. मग मोजपट्टींना धीर धरवेना.

"वीस वर्षांनी लहान झालाय गाणारा गडी! तिसऱ्या गाण्यातला तो लांबवलेला स्वर ऐकलात? बावीस सेकंद. घड्याळ लावून बसलो होतो मी. साठी उलटलेल्या माणसाचं हे काम नाही."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले. "माणसाचं हे काम नाही."

 मोजपट्टींनी बाईंकडे पाहिलं. बाई शाळेत भूगोल शिकवीत, आणि मंडळात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई; कारण त्या तो फार उशिरा उच्चारीत.

"शब्द चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "पण नकाशावर नदी काढतात ना, तशी वाटली मला गाणी. वळणं बरोबर, रंग निळा. पाणी कुठाय?"

"तुम्हाला काय बाई, पहिल्या अल्बमच्या वेळीही पाणीच हवं होतं!"

"तेव्हा होतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

बाबा उठले. पहिल्या अल्बमची तबकडी त्यांनी दोन तळव्यांच्या कडांत धरून आणली, लावली, आणि सुई न चुकता हव्या त्या जागी टेकवली. एक ओळ आली. ओळ संपली. आणि पुढची ओळ येण्याआधी तो श्वास आला: खोल, थोडा घोगरा, अंधाऱ्या घरात कोणीतरी खिडकी उघडावी तसा. बाबांनी तिथेच सुई उचलली.

"हा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक ओळीआधी श्वास घेत आलाय. आज बेचाळीस मिनिटांत एकदाही नाही. एकदाही! यंत्राकडून गाऊन घेतलंय त्यानं. आपल्याला खुळ्यात काढलंय."

तिने पेटीच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाबांना आकडा ठाऊक नव्हता. तिला होता. दोनशे अकरा.

या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाचे तीन आठवडे ती स्टुडिओच्या काचेअलीकडे बसून होती आणि पलीकडे तो, ज्याच्या आवाजावर हे दुकान, ही माणसं आणि तिचं निम्मं बालपण उभं होतं, उंच स्टुलावर टेकून, माइकची दांडी काठीसारखी धरून गात होता. आवाज अजून होता. श्वास मात्र श्वास राहिला नव्हता. गंजलेल्या कप्पीवरून दोर ओढावा तसा काहीतरी छातीच्या तळातून वर खेचला जात होता. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तो आत आला, तिच्या शेजारी बसला आणि संगणकाच्या पडद्यावर श्वासांच्या दातेरी रेघा उमटलेल्या, त्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हे काढ, पोरी. सगळे. लोकांनी माझं गाणं ऐकावं, माझी छाती नव्हे." आणि जरा वेळाने, "कोणाला बोलू नकोस. घरीसुद्धा." मग हसून, "ते चौकटीवाले आहेत ना, त्यांचं पत्रक मी सगळ्यांत आधी वाचतो. त्यांना कळलं तर ते रडत बसतील. मला रडकी माणसं नकोत."

ते चौकटीवाले माझे वडील, हे तिने त्याला सांगितलं नाही. शब्द मात्र दिला. तो बावीस सेकंदांचा स्वरही तिनेच मधले श्वास काढून सांधला होता. एकेक श्वास तिने सुरीने देठ छाटावा तसा अलगद कापला आणि एकही टाकून दिला नाही. सगळे ओळीने लावून एका वेगळ्या जागी जपून ठेवले.

बाबांनी कागद पुढे ओढला. मंडळाचं पत्रक म्हणजे एकच पान, पण ते सहाशे घरांत जाई, आणि वर्तमानपत्रंही त्यातल्या ओळी उचलीत. बाबा लिहीत होते आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते.

"'...अत्यंत खेदाने कळवावे लागते, की ही सरळसरळ फसवणूक आहे. ज्याला गाता येत नाही, त्याने गप्प बसावे...'"

"जरा जास्त होतंय," मोजपट्टी पुटपुटले.

"तुम्ही सेकंद मोजा. बाई, तुमची सही?"

बाईंनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं नाही.

तिला स्टुलावरचा तो माणूस दिसला, हे पान उलगडणारा. गप्प बसावे, या दोन शब्दांवर थबकलेला.

"बाबा, ते नका लिहू."

"का?"

"श्वास मी काढलेत."

बाबांनी मान वर केली नाही. आपण जणू काही ऐकलंच नाही, असं समजायला त्यांना अजून वाव होता. पण मोजपट्टींनी तोवर वेष्टन उचललं होतं, घड्याळजीचं भिंग डोळ्याला चिकटवलं होतं आणि मुंगीएवढ्या अक्षरांवरून ते सरकत होते.

"अहो, खरंच की," ते भिंग न काढता म्हणाले. "ध्वनिसंकलन. हिचंच नाव."

"तू पंपाच्या जाहिरातीचं काम म्हणाली होतीस," बाबा म्हणाले.

"खोटं बोलले."

"त्यानं सांगितलं तुला काढायला?"

इथे खरं बोलायला एकच शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न 'का' असा आला असता, आणि त्या 'का'चं उत्तर त्या स्टुलावर बसलेलं होतं.

"नाही. त्यांना ठाऊकही नव्हतं. मलाच ते... स्वच्छ हवं होतं."

"स्वच्छ."

"हल्ली तसंच करतात, बाबा."

बाबा आता तिच्याकडे पाहत होते. ते काय पाहताहेत हे तिला नेमकं कळत होतं. सात वर्षांची पोर, दम्याने निळसर पडलेले ओठ, आणि तिच्या पाठीला कान लावून बसलेला बाप. शेजारी पहिल्या अल्बमची तीच तबकडी. बाप कुजबुजायचा, तो गाणारा घेईल तेव्हा श्वास घ्यायचा, हं बाळा. ऐक. आता घे. आता सोड. त्या एका घोगऱ्या श्वासाला धरून ती शिकली होती श्वास घ्यायला, जिना चढताना कठड्याला धरावं तशी.

"तुला," बाबा म्हणाले, "तुला त्या श्वासाची घाण वाटली?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मोजपट्टी, ज्यांना कोणतीही शांतता मोजल्याशिवाय सोडवत नसे, घड्याळाचं मनगट पालथं करून बसले होते.

"वाटली असेल," ती म्हणाली. 

बाबांनी कागदावर पोलादी पट्टी ठेवली. पाठपुठ्ठा कापताना धरतात तशी ती अंगठ्याने दाबली आणि कागद वर ओढला. सरळ, स्वच्छ फाटला. दोन तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा. मग चारही तुकडे काचेच्या कपच्या टाकायच्या डब्यात गेले. तो गाणारा माणूस त्या शब्दांपासून वाचला होता. तिच्या छातीतला इतका वेळ अडकलेला श्वास बाहेर पडला, आणि तेव्हाच तिला कळलं, की बाबांनी पेनासकट सगळं टेबल आवरलंय, एप्रन खुंटीला लावलाय, आणि हे सगळं तिच्याकडे एकदाही न बघता.

"सह्यांचं काम उरलं नाही," ते बाईंना म्हणाले. "दोष पोरीचा आहे. त्याचं पत्रक काढायचं नसतं."

 बाईंची नजर तिच्यावर जरा जास्त वेळ राहिली, नदीचा उगम शोधावा तशी. 

टेबलावर आता फक्त चौकट उरली होती, आणि शेजारी मोजपट्टींनी हळूच ठेवलेलं वेष्टन.

"बाबा," ती उठत म्हणाली, "हे लावणार ना भिंतीवर?"

बाबांनी चपला पायांत सरकवल्या. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले, रस्त्याच्या पलीकडच्या उन्हात गेले, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.