रंभाच्या तोंडातली तात

चाकणच्या बाजारात माझ्या टांग्यात बसायचं तर शहाणा माणूस आधी गादी उचलून बघतो. मागं एकदा गादीखालून बेडूक निघाला होता, एकदा खाजकुयली. मी कोंडाजी टांगेवाला. मी 'आग लागली' म्हणून बोंब मारली तरी लोक आधी हसतात, मग धूर शोधतात. म्हणून त्या दुपारी शेजारच्या मारुतरावाच्या दारात जाऊन मी ओरडलो, "मारुतराव, पळा! मांजरीनं तात गिळली!" तेव्हा तो कांद्याच्या ढिगावर बसल्या बसल्या पोट धरून हसला.

"आज मांजर व्हय? बेडकाला सुट्टी दिली वाटतं."

"हसू नगा ओ. सुईणबाईची मांजर हाय. रंभा!"

हसणं तिथंच तुटलं. कारण रंभाच्या नावानं थट्टा करायची माझीसुद्धा छाती नाही, हे आख्ख्या आळीला ठाऊक होतं.

मंजुळाबाई आमच्या आळीची सुईण. रंभा तिची मांजर, पांढरी, शेपटीला तेवढा तपकिरी गोंडा. म्हातारीचा एक नेम होता. कुणाच्याही बाळंतपणाला निघताना रंभाच्या पाठीवरून हात फिरवायचा, मगच त्या घराचा उंबरा ओलांडायचा. जग मांजर आडवी गेली की माघारी फिरतं, ही बाई मांजर दिसली नाही तर माघारी फिरायची. एकदा रंभा कुठं उंदरामागं गेली होती, सापडली नाही, म्हातारी तशीच गेली. ते मूल हाती लागलं नाही. तेव्हापासून कुणी कितीही घाई केली तरी ती म्हणायची, "माझं मांजर आणा आदी."

आणि आमच्या घरात सुमन होती. माझी एकुलती एक लेक. तिचं पहिलं पोर दापोडीला, सासरी, डोळे न उघडताच गेलं. जावई ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात शिफ्टला जायचा, घरात बघायला कुणी नाही. म्हणून ह्या खेपेला मी म्हटलं, पोरगी माहेरी येईल आणि मंजुळाबाईच्याच हातावर सुटंल. पोरगी आली. पण बोलेना, जेवेना. बाजंवर पडून आढ्याकडं बघत राहायची. मी सोंगं केली, घोड्याला टोपी घातली, तरी ओठ हलला नाही. हलला कशानं, तर आमच्या घरात येऊन-जाऊन असणाऱ्या रंभानं. रंभा बाजेखालून तिच्या पदराचं टोक पकडायला उडी मारायची, तेव्हा सुमी एवढंसं हसायची.

मग मी काय केलं, जुन्या चाबकाची वेताची काठी घेतली. लांब, म्हणजे मांजरीची नखं पोरीच्या पोटापासून लांब राहतील. शेंड्याला सुतळी बांधली, सुतळीला घुंगरू. पहिल्याच दिवशी रंभानं घुंगरू दातानं तोडलं, ते मी तिच्या गालफडातून बोट घालून काढलं. घुंगरू बाद. मग शिवायचा दोरा लावला, तर तो तिच्या पायाला असा गुंडाळला की सोडवताना मला दोन ओरखडे पडले. दुर्गाबाई, म्हणजे माझी मंडळी, म्हणाली, "घोड्याला चाबूक कळतो तुमाला, मांजराला कळंना?"

तेवढ्यात पिंजारी आला. बाळंतिणीची गादी पिंजून घ्यायची होती. कापूस पिंजता पिंजता त्याच्या धनुकलीची तात ताडकन् तुटली. तात म्हणजे वाळवून पीळ दिलेली दोरी, चिवट, ताठ, हात सोडला की आपोआप उसळणारी. त्यानं तुकडा टाकला, मी उचलला. टोकाला कोंबड्याचं पीस पक्कं बांधलं. काय सांगू, काठी जरा हलवली की पीस जिवंत व्हायचं! रंभा हवेत कोलांटी घ्यायची आणि सुमी मोठ्यानं हसायची. चार महिन्यांत पहिल्यांदा. खेळ झाला की काठी खुंटीवर, हा नियम मीच घातला होता, चाबकासारखाच.

फक्त एक गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. तात बनते बकऱ्याच्या आतड्याची. आपल्याला ती दोरी. रंभाला ते मटण.

त्या दुपारी सुमी खेळवत होती आणि पहिली कळ आली. काठी हातातून गळाली. दुर्गा धावली, पाणी ठेवलं, मला हाक मारली. खुंटीची आठवण कुणाला? मी आत आलो तर बाजेखालून कचाकचा आवाज. वाकून बघितलं. रंभानं काठीकडचं टोक चावून तोडलं होतं, पीस गिळलं होतं, आणि तिच्या तोंडातून वीतभर तात बाहेर लोंबत होती. मान पुढं करून ती घशातून आवाज काढत होती, खॅक, खॅक, आणि तोंडातून लाळेची तार.

मी दोन बोटांत टोक धरलं आणि जरासं ओढलं.

रंभा अशी किंचाळली की बाजेवर सुमीनं कान झाकले. मांजरीचं सगळं अंग कमानीसारखं वाकलं, जणू मी दोरी नाही, तिच्या पोटातलं काहीतरी ओढत होतो. मी टोक सोडलं.

दुर्गा माझ्याकडं बघत होती. आवाज दाबून म्हणाली, "हिला काय झालं तर ती बाई आपला उंबरा ओलांडंल का?"

"तिला कुठं ठाऊक हाय?"

"डोळे न्हाईत व्हय तिला? आन मांजराची हत्या म्हंजी काशीला सोन्याची मांजर द्यावी लागती. आपल्या घरात सोनं म्हणून माझ्या नाकातली चमकी हाय." मग ती एकदम रडकुंडीला आली. "जा ओ. मंजुळाबाईला आणा. निघोज्याला गेलीय, पाचवीला. आन हिला बी घेऊन जा, लेकीच्या म्होरं नगं मरायला."

म्हणून मी मारुतरावाच्या दारात होतो. लगाम धरायला मला दोन हात लागतात, मांजर धरायला तिसरा कुठून आणू?

मारुतराव टांग्यात चढला. सवयीनं गादी उचलून बघितली, मग बसला. मी रंभाला पोत्यात गुंडाळून, डोकं बाहेर ठेवून त्याच्या मांडीवर दिली आणि सुलतानला टाच... नव्हे, चाबूक दाखवला. घोडा निघाला.

चाकण ते निघोजे तेव्हा सगळा खाचखळग्यांचा रस्ता. दोन्ही बाजूंना कांद्याची वावरं. रोज मी त्या रस्त्यानं गाणी म्हणत जायचो. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला मागं वळून बघत होतो.

"हाय का?"

"हाय. पर डोळं पांढरं करतीय."

"मारुतराव, तिच्याशी बोला."

"काय बोलू? कांद्याचा भाव सांगू?" दोन खड्डे गेल्यावर तोच म्हणाला, "कोंडाजी, ही दोरी लई वळवळतीय. ओढून टाकू का एकदाची?"

"हात लावलात तर टांग्यातनं खाली टाकीन."

"आरं, काटा अडकला तर काढतोच की आपण."

"म्या ओढून बघितलंय. तिचं आतडं आलं असतं हातात."

ओढ्याजवळ आलो तसा तोच म्हणाला, "ही आता आवाज करंना."

मी लगाम खेचला. सुलतान थांबला. मागं गेलो. रंभा पोत्यात पडली होती, तोंड अर्धं उघडं. मी तिच्या नाकापुढं हात धरला. काही लागेना. वारा होता, वाऱ्याचाच गारवा लागत होता. मारुतरावानं डोळे मिटले होते आणि तो भैरोबाला कोंबड्याचा नवस बोलत होता. मला सुमी दिसत होती, बाजंवर, दातात पदर धरलेली. दापोडीचं ते पोर दिसत होतं, जे मी एकदाच बघितलं होतं, फडक्यात.

मग रंभानं माझ्या बोटाला चावलं. जोरात. रक्त आलं. आयुष्यात कुणी चावल्याचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

निघोज्याला मंजुळाबाई ओट्यावर बसली होती, कपाळाला हळद, पुढं घुगऱ्यांची वाटी. टांगा बघून म्हणाली, "सुमीला सुरू झालं?" आणि उठली. मग तिला पोतं दिसलं. पोत्यातून डोकं दिसलं. तोंडातून लोंबणारी तात दिसली.

मी सांगायला तोंड उघडलं. तिनं हातानंच मला गप्प केलं. खाली बसली, रंभाचा जबडा उघडला, करंगळी जिभेखाली घातली आणि फिरवली. मी मारुतरावाचा हात धरला होता हे मला नंतर कळलं.

"जिभंला गुंडाळली न्हाई," ती म्हणाली. "दोरी कशाची?"

"तात हाय. पिंजाऱ्याची."

"ओढली व्हतीस?"

"जरा."

"गाढवा!" म्हातारीनं असं बघितलं की सुलताननंसुद्धा कान पाडले. "पोर झालं, वार अडकली, तर मी काय करती? नाळ धरून ओढती व्हय? ओढली की बाई जाती. आतलं आतनं सुटतं, आपण फकस्त बघत बसायचं. एवढी लेकरं तुझ्या आळीत झाली, येवढं बी कानावर पडलं न्हाई?"

कमरेच्या बटव्यातून तिनं कात्री काढली आणि तोंडाबाहेरचं लोंबणारं टोक कापून टाकलं. म्हणाली, "सुतळी असती तर आतडं कापलं असतं. ही आतड्याचीच हाय. पचंल न्हाईतर पडंल."

"आन दोन्ही न्हाई झालं तर?"

ती टांग्यात बसली, रंभाला मांडीवर घेतलं. परतीच्या वाटेवर मी वळून वळून तिच्या हाताकडं बघत होतो. हात मांजरीवर होता, पण फिरत नव्हता.

"मावशी," मी शेवटी म्हणालो, "हात फिरवा की तिच्या पाठीवरनं."

"आजारी जिवाकडं काय मागायचं असतं व्हय? गाडी हाक."

घरी पोचलो. दुर्गा दारात. "लवकर या, लवकर." मंजुळाबाईनं रंभाला माझ्या हातात दिलं. "हलवायची न्हाई, खायला घालायचं न्हाई, एकटी सोडायची न्हाई." आणि तिनं उंबरा ओलांडला. हात न फिरवता. दार लागलं.

मी अंगणात बसलो, मांडीवर मांजर, शेजारी मारुतराव. तो घरी जायला तयार नव्हता. आतून सुमीचा आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की जास्त भीती वाटायची. कसं हसतात हेच मी विसरलो होतो.

"काहीतरी थट्टा कर की रं," मारुतराव म्हणाला. "असा गप बसलास की माझा जीव जातोय."

मी रंभाच्या कानावर बसलेली माशी हाकलली.

मग आत सुमीची एक लांब किंकाळी आणि पाठोपाठ शांतता. पोराचा आवाज नाही. दुर्गा काहीतरी पुटपुटत होती. चापट मारल्याचा आवाज आला. परत चापट. मी रंभाकडं बघत होतो. तिचं पोट वरखाली होत होतं, लहान लहान. मी मनात म्हणत होतो, बाई, तू तरी.

आणि मग आत रडू फुटलं. बारीक, चिडकं, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. मारुतरावानं मला मिठी मारली. मी दाराकडं उठणार तेवढ्यात मंजुळाबाई आतून ओरडली, "बसा गप! वार पडली न्हाई अजून!"

बसून राहिलो. आता दोन्हीकडं तेच. आत म्हातारी बघत बसली होती, बाहेर मी. नाळ कुणी ओढत नव्हतं, तात कुणी ओढत नव्हतं. सावल्या लांब झाल्या. सुलताननं खूर आपटले. आत एकदम दुर्गाचा सुस्कारा ऐकू आला, "पडली गं बाई," आणि मी डोळे पुसले.

तेवढ्यात रंभा उठली. मांडीवरून उतरली, चार पावलं गेली, मारुतरावाच्या पायावर चढली, पोट तीनदा आत ओढलं आणि त्याच्या धुतलेल्या, बाजाराच्या धोतरावर सगळं ओकली. ओली तात, वेटोळं झालेली, आणि तिच्या टोकाला पक्कं बांधलेलं कोंबड्याचं पीस.

"अरारारा! माझं धोतार!"

मी हसलो. हसता हसता बसलो, बसल्या बसल्या रडलो, आणि परत हसलो. रंभा बाजूला बसून पंजा चाटत होती.

मंजुळाबाई हात पुसत बाहेर आली. "नात हाय. दोघी बऱ्या हायत." मग खाली वाकली, रंभाच्या पाठीवरून डोक्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत सावकाश हात फिरवला. "ती काठी कुठंय?"

"चुलीत घालतो मावशी. आत्ता."

"चुलीत कशाला? पोरगी हसली व्हती ना तिच्यानं? जुन्या लुगड्याचा काठ घे, चांगला रुंद, आन काठीला शिवून टाक. बांधायचा न्हाई, शिवायचा. पीस न्हाई, घुंगरू न्हाई. खेळ झाला की खुंटीवर. आन मांजर खेळतंय तवर माणूस हलायचा न्हाई."

"आन माणसाला कळा आल्या तर?"

"तर बाप कशाला हाय घरात?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अड्ड्यावर ही सगळी हकिकत सांगितली. मारुतराव साक्षीला उभा होता, नव्या धोतरात. लोकांनी ऐकली, माना डोलावल्या, "वा, वा" म्हणाले, आणि टांग्यात चढताना एकेकानं गादी उचलून बघितली.

गादीखाली काहीच नव्हतं. तेव्हा मात्र सगळे खरोखर घाबरले.