पडीक जागेचं मॉडेल

"ही घरं कोणी लावली?" कंपनीच्या उन्मेष साहेबांनी मॉडेलवर वाकून विचारलं.

"मी," भावना म्हणाली. हातातला चिमटा तिनं खाली ठेवला नाही.

शहराच्या सदर भागातल्या मधुसूदनकाकांच्या वर्कशॉपमध्ये ती कॉलेज सुटल्यापासून मॉडेलं बनवत होती. बिल्डरांचे टॉवर, मिहानमधल्या कारखान्यांच्या शेड, सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. या खेपेचं काम मौदा गावाच्या पलीकडे होऊ घातलेल्या सौर प्रकल्पाचं होतं. कंपनीला ते जनसुनावणीत मांडायचं होतं. निळी पॅनलं कापून कापून भावनाचे डोळे चुरचुरत होते.

नकाशात मधल्या जागेवर ‘पडीक’ असं छापलं होतं. त्याच जागेवर तिची मावशी सिंधूताई राहत होती. आई गेल्यावर भावना तिच्याच घरी, तिच्या बकऱ्यांमागे हिंडत वाढली होती. म्हणून तिनं नखाएवढी घरं कापली, त्यांना मातीचा रंग दिला आणि जिथल्या तिथं बसवली.

"नकाशात तर नाहीत ही."

"नकाशात नाही, सर. पण लोक राहून राहिले तिथं. माही मावशी राह्यते."

"अतिक्रमण आहे ते." उन्मेष मधुसूदनकाकांकडे वळला. "काका, परवा सुनावणी आहे. इथे मला पॅनल पाहिजेत."

"पॅनल लावा ना. कोण नाही म्हणते? बाजूले लावा. घरं काहून खोडता?" भावना मधेच म्हणाली.

उन्मेषनं नखानं एक घर उचकटलं, मग दुसरं, आणि कचरा झटकावा तशी ती टेबलाखाली टाकली.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे वं भावना. मॉडेलच तर आहे. लाव पॅनल."

"मॉडेलच आहे, तर राहू द्या ना मंग."

"ऑर्डर जाईन हातची."

"माह्या हातानं नाही होणार, काका. तुम्ही लावा."

तिनं चिमटा टेबलावर आपटला. काकांनी चष्मा चढवला आणि तिच्याकडे न बघता स्वतःच पॅनल उचललं. भावना पर्स घेऊन जिना उतरली, ती परत गेली नाही.

सुनावणीला ती मावशीला घेऊन गेली. मांडवात मॉडेलवर काच बसवली होती, आत दिवे लावले होते. लोक मोबाइलमध्ये फोटो काढत होते. सिंधूताईनं वाकून बराच वेळ पाहिलं.

"नाला दिसते. मोठी बाभूळ दिसते. आपलं घर कुठी हाय वं?"

भावनानं काचेवर बोट टेकवलं. खाली काकांनी चिकटवलेली पॅनलं होती, जराशी तिरकी.

"इथं."

"ओ मॅडम, काचेला हात लावू नका," गार्ड म्हणाला.

भावनानं बोट उचललं नाही. तो जवळ आला आणि पुन्हा तेच बोलला, या वेळी आवाज चढवून.

सिंधूताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पदराला हात पुसला आणि आपला तळवा भावनाच्या बोटाशेजारी काचेवर ठेवला.