जंतूचा कोट

"मॅडम, जंतू कपडे बदलतात का?"

योगिनीने विचारलं आणि शाळेच्या हॉलमध्ये खसखस पिकली. पैज वर्गातल्या मोहिनीची होती: पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे विचारून दाखव, आठवडाभर माझा डबा तुझा. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोरगी. सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या तिच्या पप्पांनी म्हणूनच मायेने ठरवून टाकलं होतं की सायन्सला तोंडी परीक्षा असतात, हिची बोबडी वळते, तर दहावीनंतर कॉमर्सच बरं. तिनेही मान डोलावली होती. मनात मात्र सायन्सच होतं.

जंतूंवर संशोधन करणाऱ्या ललिता भामरे मॅडम हसल्या नाहीत. "बदलतात," त्या म्हणाल्या, "आणि तेही चुकून."

मग त्यांनी सांगितलं, की जंतूच्या डीएनएत काही ठिकाणी तीच चार अक्षरं वीस-वीस वेळा ओळीने येतात. नक्कल होताना तिथे मोजणी घसरते, एखादा तुकडा जास्त पडतो नाहीतर गळतो. पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि अंगावरचं एखादं आवरण बनायचंच थांबतं. पुन्हा कधी घसरलं, की पुन्हा सुरू.

मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. योगिनी खाली बसायचंच विसरली होती. रविवारी ढोलपथकाच्या सरावाला पथकप्रमुख संतोषदादाने तिला अशाच घसरलेल्या मोजणीवरून झापलं होतं.

"म्हणजे आमच्या ढोलासारखं," ती बोलून गेली. "एकसारखे आठ ठोके असतात. मी नऊ मारले की पुढचा प्रत्येक हात चुकीच्या जागी पडतो. चाल ओळखूच येत नाही."

"मग चुकलेला जंतू मरायला नको?" मॅडमनी विचारलं.

योगिनी विचार करत बोलू लागली.

"काही मरतीलही. पण शरीरातले पहारेकरी जुना कोट शोधत असणार ना. ज्याचा कोट बदलला, तो त्यांच्यासमोरून निसटणार. थोडे चुकतात म्हणून खानदान टिकतं."

मॅडमनी खडू तिच्या हातात ठेवला. फळ्यावर ढोल, अक्षरं, कोट घातलेले जंतू, सगळं उमटलं. शेवटी मोहिनीनेच हात वर करून शंका विचारली, तीही अगदी खरीखुरी, आणि योगिनीने तिला झकास उत्तर दिलं.

घरी आई भाकरी थापत होती, पप्पा कंपनीचे बूट काढत होते. दप्तर पाठीवरच ठेवून तिने सगळं एका दमात सांगितलं. पप्पा एक बूट हातात धरून ऐकतच राहिले.

"पप्पा, आई, कॉमर्सचं रद्द," ती म्हणाली. "मी सायन्स घेणार. तोंडीला घाबरेन, पण बोलेन."