आबांची सव्वा मूठ

नऊ दिवस झाले, सुरतेच्या दवाखान्यातून गजराबाईला एकच शब्द पुरवला जात होता. सकाळी सातला फोन वाजायचा आणि थोरला हेमकांत म्हणायचा, "माय, बेटर शे." संध्याकाळी पुन्हा तेच. नऊ दिवसांत तिचा नवरा अठरा वेळा बेटर झाला होता. एवढ्या वेळा बेटर झालेला माणूस प्रकाशा गावच्या घरी परत का येत नाही, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

आणि ती त्या शब्दावर हवाला ठेवून बसली होती. रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याच पिठाचा नैवेद्य करायचा आणि पुनवेच्या आत तो भाऊबंदांनीच संपवायचा. मूठ कोणाची, तर घरातल्या सगळ्यांत वडील पुरुषाची. चाळीस वर्षं ती तिच्या नवऱ्याची, सुपडूआबांची होती. काय ती मूठ! एका मुठीत पोराची ओंजळ भरावी. सोमवारपासून गजराबाई येईल त्याला ऐकवत होती, "ते येतीन, तेच मोजतीन."

शुक्रवारी दुपारी धाकटी जाऊ फुलवंताबाई सूप घेऊन ओट्यावर येऊन बसली. मागे तिचा नवरा नवनीत, मान खाली घालून.

"जिजी, गिरणीवाला पाचले बंद करस. भाऊजी एवढा बेटर शेतस, तर कोठे शेतस?"

"तुन्हा नवरानी मूठ पुढे कराले तुले भलतीच घाई शे, फुलवंता."

"घाई मन्ही नही, कानबाईनी शे."

एरवी गजराबाईनं या उत्तराची साल काढली असती. आज तिच्यात तेवढा दम नव्हता. नऊ रात्री कूस बदलून बदलून पाठ दुखून आली होती, आणि आलेल्या-गेलेल्याला 'बरे आहेत' सांगून जिभेची चव गेली होती. तिनं सुनेला हाक मारली. ममता शहाद्याच्या शाळेत मास्तरीण होती.

"ममता, बेटर म्हणजे काय? नीट सांग."

"चांगल्याला गुड म्हणतात, आत्याबाई. त्याच्यापेक्षा चांगलं ते बेटर."

"म्हणजे चांगल्याच्याही वरचं?" गजराबाईनं मोठ्या तोऱ्यात जावेकडे पाहिलं. "ऐकं का?"

ममतानं मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"तसंच नाही, आत्याबाई. ते कशाशी धरून म्हटलंय त्यावर असतं. आमच्याकडे एखाद्याला पहिल्या चाचणीत शंभरात चार पडले आणि दुसरीत नऊ, तर त्याच्याही वहीवर मी बेटर लिहिते."

"अन् नऊवाला पास होतो का?"

"नाही."

बाजारात मिरचीच्या ढिगापाशी व्यापारी 'भारी माल' म्हणाला, की गजराबाई फटकन विचारायची, कोणापेक्षा भारी? साऱ्या बाजारानं तिचा तो प्रश्न ऐकला होता. पोटच्या पोराला मात्र तो तिनं नऊ दिवस विचारला नव्हता. उत्तर नको होतं, म्हणून.

"लाव फोन," ती म्हणाली.

"माय, सकाळीच सांगं ना, बेटर..."

"कशापेक्षा?"

"काय?"

"कशापेक्षा बेटर? त्यासनी मूठ वळस का?"

पलीकडून दवाखान्यातल्या कसल्याशा यंत्राची टुकटुक येत होती.

"उजवी नही वळस, माय. पहिल्या दिनपासूनच नही."

"अन् डावी?"

"कालपर्यंत नही वळे. आज त्यासनी मन्हं बोट धरं."

"सोडं का मंग?"

"नही. आते बी धरेल शे."

गजराबाईनं फोन मांडीवर ठेवला. एवढंच होतं तर बेटर. एक बोट. पोर खोटं बोललं म्हणावं, तर तेही नव्हतं. तिनं जागचं न उठता सूप नवनीतकडे सरकवलं.

"नवनीतभाऊ, मोजा."

फुलवंताबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"पहिलं नाव दादानं," नवनीत हळूच म्हणाला. थोरल्या भावाच्या नावानं त्यानं एक मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली. गजराबाई सुपात बघत राहिली.

"हे एवढंसं? तुमनी मूठ ल्हान शे. अजून घाला."

त्यानं अजून एक मूठ घातली. आणखी एक घातली तेव्हा ती म्हणाली, "बस. आता बाकीसना."

फोन चालूच होता. हेमकांत "माय, माय" करत होता. तिनं तो उचलून कानाला लावला.

"आईक. उद्यापासून माले बेटर सांगू नको. हात कोठलगून उचलतस ते सांग. छातीलगून, का तोंडलगून. त्यासना वाटाना रोट मी ठेई देस, पुनवलगून."

"पण माय, उजवा हात तर..."

"डावा हाते खातीन," गजराबाई म्हणाली. "कानबाईले मी समजाडसू."