चिकटलेला कूलर आणि ट्रकवाले काका

आईच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर सुरू केला की पाच मिनिटांत तापून बंद पडायचा, आणि ट्रकवाल्या काकांच्या दाढेचा एक्स-रे नेमका त्यातच. काका याआधी दोनदा खुर्चीवरून पळालेले. आता गालाचा भोपळा झालेला. "आज गेले तर थेट हॉस्पिटलातच भेटतील," आई माझ्या कानात पुटपुटली.

मी म्हटलं, "थांब, मी करते दुरुस्त." आईने असं पाहिलं, जणू मी भूल न देता कुणाचा तरी दात काढणार होते.

रोग साधा होता. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर कूलर बसवतात, दोघांच्या मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. ती सुकून दगड झाली होती. प्लग काढला, चारही स्क्रू सोडवले, तरी कूलर ढिम्म.

"सरक पोरी!" काका बाह्या सरसावत उठले. "एका झटक्यात उपटतो बघ."

"हात लावू नका! खालचा प्रोसेसर पिनांसकट वर येईल. एक पीन वाकली की खेळ खलास."

"मग काय, त्याची समजूत घालणार?"

"हो."

स्क्रू पुन्हा बसवले, मशीन चालू केलं. तापलं की पेस्ट मऊ पडते. पाच मिनिटांनी ते सवयीप्रमाणे बंद पडलं. पहिल्यांदाच कुणाला त्याचा आनंद झाला. पुन्हा प्लग काढला, स्क्रू काढले आणि कूलर धरून नखभर डावीकडे, नखभर उजवीकडे. ओढायचं नावच नाही.

"घाई नको," आई मागून म्हणाली. "दाढसुद्धा अशीच सोडवतात." काका पांढरेफटक.

कूलर अलगद सुटला. प्रोसेसर जागच्या जागी! स्पिरिटच्या कापसाने जुनी पेस्ट पुसली, दुकानातून आणलेली नवी वाटाण्याएवढी लावली, सगळं जोडलं. एक्स-रे पडद्यावर झळकला.

"चला, बसा," आई म्हणाली.

काका बसले, पण अडून. "डॉक्टरीणबाई, तुम्ही नुसत्या सूचना देत होतात. काम पोरीने केलं. दाढ तीच काढेल."

वीस वर्षं दात काढणाऱ्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी तह झाला: दाढ आईने काढायची, मी काकांचा हात धरायचा.

दाढ तीन मिनिटांत निघाली. माझा हात सुटायला दहा लागली.