आलेल्या आईला हाक

"टेकडीच्या आई, अंगणात उतर. हाटपिपल्याच्या नरसिंगा, दिवटीपाशी बैस..." बापाचा हा आवाज विझून जन्म लोटला, तरी गणोजी गोंधळ्याच्या कानात तो अजून घुमायचा. त्याचा स्वतःचा गळा मात्र गेल्या हिवाळ्यात बसला तो उठलाच नाही. देवासात आता देवांना हाक घालणारं कुणी उरलं नव्हतं. नवरात्र तोंडावर आलेलं, आणि कवड्यांची माळ ज्याच्या गळ्यात घालायची तो लेक, दत्ताजी, धारला नाटक कंपनीत रमलेला. "एवढा खेळ उरकला की येतोच, आबा," हे त्याचं जुनंच पालुपद.

शेवटी म्हाताऱ्याने माळ उपरण्यात बांधली आणि धार गाठली.

नाटक रेणुकेचं होतं. मागे पडद्यावर रंगवलेला डोंगर, पुढे दिवटी घेतलेला दत्ताजी, आणि साथीला संबळाच्या जागी पेटी. पण त्याने तोंड उघडलं मात्र, गणोजीच्या अंगावर काटा आला. आज्याचाच गळा! एकेका देवाला गावासकट हाक. एकही नाव गाळलं नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटून हात जोडले. आई आली होती.

तोच "वन्स मोअर!"चा गिल्ला उठला. दत्ताजीने लवून मुजरा केला नि पुन्हा पहिल्यापासून हाक घातली.

गणोजी ताडकन उठला. "अरे, आलीय ना ती! दारात उभ्या पाहुणीला पुन्हा कसलं बोलावणं धाडतोस?"

मांडव हसून लोळला. "अरे भिया, डोकरा कंपनी का ही है!" म्हातारा कंपनीचाच नट, असं सगळ्यांना वाटलं.

खेळ सुटल्यावर गणोजी रंगपटात गेला, तोच कंपनीचे मालक बळवंतराव धावत आले. "वा, बुवा! हे रोज म्हणायचं हं. जेवणखाण आमच्याकडे."

गणोजीने तिकडे पाहिलंही नाही. तोंडाचा रंग पुसणाऱ्या लेकापुढे त्याने माळ ठेवली. "चल बाबा घरी. गळा तुझ्यापाशी आहे. तू नाही आलास तर यंदा आईला कोण बोलावणार?"

दत्ताजी किती तरी वेळ एकच गाल पुसत राहिला.

"आबा, ती येत नाही."

"आज आली होती रे. मी सांगतो ना!"

"तुम्हाला येते. मला अंगणात नाही, टेकडीवर नाही, कुठेच कधी आली नाही. लहानपणापासून मी नुसता तुमच्या तोंडाकडे बघून 'उदे' म्हणत आलो, आबा."