मागच्या डाव्या दिव्यातले पाणी

मित्रांनो, मला जुना म्हणावे की नाही, हे माझे मलाच ठरवता येत नाही. वय म्हणाल तर साडेतीन वर्षे. पण एक अख्खा हिवाळा मी पोटात पाणी घेऊन काढला आहे, आणि तेवढ्याने दिवासुद्धा म्हातारा होतो. मी एका पांढऱ्या मोटारीचा मागचा डावा दिवा आहे. अलेक्झांड्रियात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत राहतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाल काच दिसते ती खरे तर प्लास्टिकची; ती साच्यातून काढून माझ्या काळ्या पाठीला चिकटवली. पाठीच्या तळाशी मसुराच्या दाण्याएवढे एक भोक ठेवले होते. मी पेटलो की आतली हवा फुगते, विझलो की आकसते. तिची ये-जा त्या भोकातून चालते. ते माझे नाक होते, असे समजा. पण दिव्याचे नाक कुठे असते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. गाडीबरोबर आलेल्या जाड पुस्तकातही ते नव्हते. आमच्या वजीहमास्तरांनी ते पुस्तक दोनदा वाचले होते.

मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी नज्ला, दोघेच. नज्ला औषधांच्या दुकानात काम करी. मास्तर गाडी इतकी हळू चालवत की मागचे लोक भोंगे वाजवून थकत. "आपल्याला मागच्यानं पाहिलं पाहिजे. पुढचं आपण बघून घेऊ," असे ते नज्लाला म्हणत. त्यामुळे मला काम फार असे आणि मानही. शुक्रवारी नमाजला जाण्याआधी ते मागे येऊन उभे राहत आणि नज्लाला आतून ब्रेक दाबायला सांगत. मी उजळलो की मान हलवत. अशी जवळजवळ दोन वर्षे बरी गेली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या काचेला आतून धुके धरले. समुद्रकाठच्या गावात हे व्हायचेच. दुपारच्या उन्हात ते माझे मीच बाहेर सोडून देत असे. पण मास्तरांनी ते सकाळी पाहिले आणि त्यांचा पहिला संशय इद्रीसवर गेला. इद्रीस हा इमारतीचा राखणदार, अस्वानकडचा, मास्तरांच्याच वयाचा. रोज सकाळी बादलीभर पाणी फेकून सगळ्या गाड्या धुण्याचे काम त्याच्याकडे होते.

"मास्तर, मी पाणी गाडीला घालतो," इद्रीस म्हणाला. "दिव्याला पाजत नाही."

मास्तर हसले नाहीत. ते मला घेऊन कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले. गाडीला तीन वर्षांची वॉरंटी होती. तिथे बासिम नावाचा तरुण अधिकारी बसे, कडक इस्त्रीच्या शर्टातला. त्याने लांबूनच पाहिले आणि हा ओलावा नैसर्गिक आहे, असे सांगितले.

"नैसर्गिक तर भूकंपही असतो," मास्तर म्हणाले. "म्हणून कोणी तो विकत घेत नाही."

बासिम खरे बोलत होता, मित्रांनो. पण त्याने ते मान वर न करता सांगितले. खरे असे सांगितले की खोट्यासारखे ऐकू येते. मास्तर घरी आले ते मनात गाठ मारूनच.

आमच्या गावात हिवाळी वादळांना नावे आहेत आणि तारखाही. नोव्हेंबरात येते ती मकनसा, म्हणजे केरसुणी. ती समुद्रकाठ झाडून काढते. त्यानंतर कासिम. मास्तरांना सगळ्यांच्या तारखा पाठ होत्या. मकनसाच्या आधीच्या आठवड्यात ते दरवर्षी घरातल्या आठही खिडक्यांच्या फटी पारदर्शक सिलिकॉनने बुजवत. अर्धा किनारा हेच करतो. तिसऱ्या हिवाळ्यात खिडक्या संपल्यावर नळीत थोडे सिलिकॉन उरले. मास्तर ते घेऊन खाली आले. माझ्याखाली चटई टाकून, पाठीवर झोपून त्यांनी हात घातला, बोटाने चाचपडत ते भोक शोधले आणि पाणी इथूनच शिरते असे समजून बुजवले.

"आता येऊ दे केरसुणीला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी माया होती की मला रागावताही आले नाही.

पुढे काय झाले ते सांगतो. मास्तर सकाळी गाडीतून फेरी मारून परत येत तेव्हा मी तापलेला असे. इद्रीस बादलीभर पाणी फेके. गार पाण्याने माझ्या पोटातली हवा एकदम आकसे आणि नाक बंद असल्याने बल्बाच्या रबरी कड्याखालून पाणी ओढून घेई. मीच पीत होतो, मित्रांनो. रोज घोटभर. आणि एकदा आत गेलेले बाहेर यायला वाट उरली नव्हती.

डिसेंबरात पाणी बल्बाच्या खालपर्यंत आले. गाडी वळली की मी आत डुचमळत असे. मास्तर दुपारी समुद्राच्या रस्त्यावर माझी बाजू उन्हाकडे करून गाडी लावत आणि आत बसून वर्तमानपत्र वाचत. नज्ला कामावरून येऊन शेजारी बसे. शेंगदाण्याची पुडी दोघांच्यात असे आणि बोलणे फारसे नसे. काही तरी व्हायची वाट बघणारी माणसे अशीच बसतात. उन्हाने पाणी आटत नव्हते. मला फार थकल्यासारखे वाटे.

जानेवारीत मास्तर पुन्हा सेवाकेंद्रात गेले. या दिव्यात मासे पाळायचे आहेत, त्याची परवानगी कोणाकडे मागायची, असे त्यांनी बासिमला विचारले. मागे रांगेतले लोक हसले. बासिम हसला नाही. आशूर नावाच्या वयस्कर मिस्त्रीने मला सोडवले, बल्ब पुसला आणि पुन्हा बसवले. त्या दिवशी गर्दी होती. मला उलटे करून बघायला त्याला वेळ झाला नाही. कैरोच्या मुख्य कचेरीतून आठवड्याने एक ओळीचे उत्तर आले. तेच, मागचेच.

फेब्रुवारीत नज्लाने मास्तरांना इस्पितळात नेले. गाडी तिने चालवली. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला कळले नाही. गाडीत त्यावर कोणी बोलले नाही. मास्तर मागच्या सीटवर आडवे होते, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"सतरा मार्चला वॉरंटी संपते," ते म्हणाले. "त्याआधी दिवा बदलून घे. भांडू नकोस. पण उठूनही येऊ नकोस."

"घेते, बाबा."

"शब्द दे."

तिने दिला. परतताना मागची सीट रिकामी होती.

मास्तर गेल्याचा चाळिसावा दिवस व्हायच्या आधीच, पंधरा मार्चला, नज्ला काळ्या कपड्यांत सेवाकेंद्रात गेली. ती बासिमसमोरच्या खुर्चीत बसली आणि दिवा बदलल्याशिवाय आपण उठणार नाही, असे शांतपणे म्हणाली. बासिमने तिचे कपडे पाहिले आणि या वेळी स्वतः उठला. आशूरमिस्त्रीने मला काढले, उलटे केले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.

"याचा श्वासच कोंडलाय, मॅडम," तो म्हणाला. "भोकात सिलिकॉन आहे. बाहेरच्या हातानं लावलेलं."

तो हात धुवायला गेला. बाहेरच्या हाताने काही केले की वॉरंटी संपते, हे नज्लाला माहीत होते. बासिम टेबलावर वाकून हळू बोलू लागला. मास्तर गेल्याचे त्याला वाईट वाटले होते, आणि ते खरे होते.

"जानेवारीत दिवा आशूरनंच उघडला होता. त्यानं लावलं असेल, एवढंच तुम्ही लिहून द्या. नवा दिवा आत्ता बसवून देतो. त्याला जरा बोलणी बसतील, इतकंच."

नज्लाने मला हातात घेतले. भोकावरची सिलिकॉनची रेघ तिने बोटाने चाचपली. रेघ सरळ होती, आणि शेवटी अंगठ्याने दाबून उजवीकडे वळवलेली. तिचे बोट तिथे थांबले.

मित्रांनो, ती काय म्हणेल हे मला ठाऊक नव्हते. तिने गेलेल्या माणसाला शब्द दिला होता.

"आमच्या घरातल्या प्रत्येक खिडकीला अशीच रेघ आहे," ती म्हणाली. "हे माझ्या वडिलांनी लावलंय."

"मॅडम, असं लिहिलंत तर दिवा मिळणार नाही."

"लिहा. त्यांचं पूर्ण नाव लिहा."

त्याने लिहिले. तिने खाली सही केली आणि खुर्चीतून उठली.

आशूरमिस्त्रीने तारेने माझे भोक मोकळे केले. चहाचा पेला भरेल एवढे पाणी निघाले. नज्ला जवळ उभी राहून शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत होती. आशूरला आत काय बोलणे झाले ते कळले नाही. त्याने मला बसवले आणि चार दिवस पाणी लागू देऊ नका, असे सांगितले.

वॉरंटी संपून आता पाच महिने झाले. माझ्या काचेवर आतून एक पांढरट डाग राहिला आहे, तो जाणार नाही. मित्रांनो, तुम्ही वस्तू जपता, माणसे जपता, ते चांगलेच आहे. पण जपताना आधी नीट बघा, ती श्वास कुठून घेतात. आणि कोणी मायेने चूक केली असेल, तर तिचे ओझे भलत्याच्या डोक्यावर देऊ नका.

परवा पहाटे दमट हवा होती. माझ्या काचेला धुके धरले. नज्ला कामावर निघाली होती, ती मागे येऊन वाकली. बराच वेळ तिने आत पाहिले. मग पिशवी डिकीवर ठेवली, दुकानात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितले, आणि ऊन वर येऊन काच स्वच्छ होईपर्यंत तिथेच उभी राहिली.